त्रिरश्मी लेणीतली औषधाची ठेव आणि पत्ता नसलेली माणसे

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा संपादक मंडळाने आम्हांस विहाराचा इतिहास लिहा म्हणून सांगितले. पायाचे दगड कोणी आणले, पत्रे कोणी दिले, मूर्ती कुठून आली, हे सर्व लिहिण्यासारखे आहेच आणि ते आमच्यापेक्षा जुन्या माणसांनी याच अंकात लिहिले आहे. आम्ही थोडा वेगळा इतिहास घेऊन बसलो आहोत. कारण असे की, गेल्या वर्षावासात आपल्या कमिटीत एक वाद झाला, तो वस्तीत सगळ्यांना अर्धामुर्धा ठाऊक आहे. ज्यांना घरच नाही अशा माणसांना दवाखान्यात आणि शाळेत लिहून देण्यासाठी आपल्या विहाराचा पत्ता वापरू द्यावा की नाही, असा तो वाद. काही जण म्हणाले, हे विहाराचे काम नव्हे. आम्ही म्हणतो, हे विहाराचे फार जुने काम आहे आणि त्याचा लेखी पुरावा आपल्या नाशिकातच दगडावर कोरलेला आहे.

पण आधी वाद कुठून सुरू झाला ते सांगितले पाहिजे.

आम्ही सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तीस वर्षे काढलेला माणूस. दहावी नापास. पुढे जे काही वाचले ते वाचनालयात बसून आणि बाबासाहेबांच्या ग्रंथांचे बोट धरून. दुसरी पाळी सुटली की रात्री बसने शहरात उतरायचे आणि तिथून पायी घर गाठायचे, हा कित्येक वर्षांचा क्रम. त्या वेळेला जे शहर दिसते ते दिवसा दिसत नाही. स्टँडच्या कट्ट्यावर, बंद दुकानांच्या ओट्यांवर, हायवेच्या उड्डाणपुलाखाली, गोदाघाटाच्या पायऱ्यांवर माणसे झोपलेली असतात. सगळे भिकारी नसतात. कोणी सेंट्रिंगवाला, कोणी हॉटेलात भांडी घासणारा, कोणी भंगार वेचणारी मावशी, कोणी सुरगाणा-पेठकडून द्राक्षाच्या कामाला आलेले जोडपे लेकरांसकट. काही डोक्याने भ्रमिष्ट झालेले. आम्ही वर्षानुवर्षे त्यांना ओलांडून गेलो, हे कबूल केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका रात्री स्टँडजवळ एक म्हातारबा खोकताना दिसले. खोकल्यात रक्त होते. आमच्या खात्यातला एक डॉफर पोरगा बरोबर होता. दोघांनी मिळून दुसऱ्या दिवशी त्यांना एका सरकारी दवाखान्यात नेले. खिडकीवरच्या माणसाने नाव विचारले, वय विचारले, पत्ता विचारला. म्हातारबा म्हणाले, "गोदाघाट."

"घाट म्हंजे काय पत्ता झाला का? घर नंबर सांगा, गल्ली सांगा."

"घरच नाही, तर नंबर कुठनं आणू साहेब?"

मागे रांग वाढत होती. "आधार आणा, मग या," असे म्हणून खिडकीवाल्याने पुढचा माणूस घेतला. तेव्हा आमच्या तोंडून निघून गेले, की लिहा, अमुक बुद्ध विहार, अमुक वस्ती, नाशिक. त्याने लिहिले. केस पेपर निघाला. बेडका तपासला, टी.बी. निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या.

त्या खिडकीवाल्याला आम्ही शिव्या देणार नाही. टी.बी.चा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. मध्येच सोडला तर रोग अंगात मुरतो आणि मग साध्या गोळ्यांना जुमानत नाही. म्हणून सरकारी टी.बी. कार्यक्रमात पेशंटचा पत्ता घेतात, घरी जाऊन पाहतात, गोळ्या चुकल्या तर शोधायला येतात. १९९७ साली डॉट्सची पद्धत देशात सुरू झाली आणि २००६ पर्यंत ती सगळीकडे पोहोचली. तिच्या सुरुवातीपासूनच पत्त्याची खात्री करणे हा कामाचा भाग होता. हेतू चांगलाच. पण ज्या माणसाला उघड्यावर झोपल्याने, अर्धपोटी राहिल्याने हा रोग लवकर धरतो, तोच माणूस या पत्त्याच्या अटीवर अडतो. पुढे २०१८ पासून सरकारने टी.बी.च्या पेशंटला सकस आहारासाठी महिन्याला ५०० रुपये देणे सुरू केले, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते थेट बँक खात्यात जमा होतात. आता घाटावरच्या माणसाचे खाते कुठले? खात्याला आधार पाहिजे, आधारला पत्ता पाहिजे. गिरणीत सूत तुटले की बोटाने चटकन सांधतात. इथे कोणते टोक आधी धरायचे तेच सापडत नाही.

म्हातारबांच्या गोळ्यांचे निमित्त होऊन आरोग्य खात्याची एक बाई विहारात चौकशीला आली. त्या दिवशी पौर्णिमेची वंदना चालू होती. "टी.बी.चा पेशंट इथे राहतो का?" असे तिने दारात विचारल्यावर जे व्हायचे ते झाले. मुलाबाळांच्या जागेत हे काय आणलेत, म्हणून लोक आमच्यावर उठले. वादाचे मूळ हे.

आता लेण्यांकडे वळू.

आपण सर्व जण वर्षातून एकदा तरी त्रिरश्मी लेण्यांवर जातो. फाळके स्मारकाच्या बाजूने पायऱ्या चढतो, फोटो काढतो, डबे खातो आणि खाली येतो. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तिथे काही संबंध नाही. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी असेच आहे. एकंदर २४ लेणी. त्यांतल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात थांबून भिंतीकडे पाहणारे थोडे. अक्षरे ब्राह्मी, भाषा प्राकृत, त्यामुळे आपल्याला वाचता येत नाही, हे खरे. पण सेनार नावाच्या फ्रेंच विद्वानाने हे लेख शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वाचून छापले आहेत आणि आज त्यांचा अर्थ मराठी पुस्तकांतही मिळतो.

तिथे क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याने लेणे संघाला दिले आणि त्याबरोबर ३००० कार्षापणांची कायमची ठेव दिली. ही ठेव त्याने गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. गोवर्धन म्हणजे आपले गंगापूर रस्त्याकडचे गोवर्धन. विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक पडिक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, शेकडा पाऊण पडिक व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. आम्ही गिरणीकामगार, पगाराची स्लिप तपासायची सवय, म्हणून हिशोब करून पाहिला. दोन हजारांना महिन्याला शेकडा एक म्हणजे २०, वर्षाचे २४०. वीस गुणिले बारा, २४०. हिशोब बरोबर बसतो! दोन हजार वर्षांपूर्वीच्या विणकरांच्या मागावर या घरदार नसलेल्या माणसांचे कपडे निघत होते, हे वाचले तेव्हा आम्हांस आमच्याच खात्यातली बातमी वाचल्यासारखे वाटले. आणि हा व्यवहार तोंडी नव्हे. तो निगमसभेत वाचून दाखवला आणि दप्तरी नोंदवला, असे लेखातच म्हटले आहे.

(उषवदात सगळ्यांनाच दान देत असे. ब्राह्मणांना त्याने तीन लाख गाई दिल्याचेही त्याच्या लेखात आहे. तेव्हा त्याला आपला म्हणून डोक्यावर घेण्याचे कारण नाही. आम्ही बोलतोय ते ठेवीबद्दल.)

त्याच लेण्याच्या अंगणातल्या भिंतीवर दुसरा एक लेख आहे, तो आमच्या दृष्टीने जास्त मोठा. काळ तिसऱ्या शतकाचा, आभीर राजा ईश्वरसेन याच्या राज्याचे नववे वर्ष. ठेव देणारी एक बाई आहे. तिचे नाव विष्णुदत्ता. शक अग्निवर्म्याची मुलगी, रेभिल नावाच्या गणपकाची बायको, विश्ववर्म्याची आई, आणि स्वतः उपासिका. आपल्या विहारात पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसतात तशी. तिने गोवर्धनच्या वेगवेगळ्या श्रेणींकडे पैसे ठेवले. त्यांत कुलरिक म्हणजे बहुधा कुंभार, ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे आणि तिळपिषक म्हणजे तेल गाळणारे, अशा श्रेणी आहेत. कशासाठी ठेवले? तर त्रिरश्मी पर्वतावरच्या विहारात राहणाऱ्या चातुर्दिश भिक्खुसंघाच्या आजारी भिक्खूंना औषध मिळावे म्हणून. लेखातला शब्द आहे गिलानभेषज. गिलान म्हणजे आजारी, भेषज म्हणजे औषध.

बंधू-भगिनींनो, कुंभाराच्या चाकावर आणि तेल्याच्या घाण्यावर चालणारा हा दवाखान्याचा फंड आपल्या नाशिकात होता, आणि तो घर नसलेल्या माणसांसाठी होता. चातुर्दिश या शब्दावर थांबावे अशी आमची विनंती आहे. चातुर्दिश म्हणजे चारही दिशांचा. भिक्खू कोणत्या गावचा, कोणत्या कुळाचा, मागचा मुक्काम कुठे, हे ठेवीच्या अटीत नाही. डोंगरावर वर्षावासाला आला आणि आजारी पडला, एवढे पुरे.

यावर कोणी म्हणेल, आणि कमिटीत म्हटलेच, की भिक्खू वेगळे आणि घाटावरची माणसे वेगळी. भिक्खूंनी समजून उमजून घर सोडलेले असते, त्यांना मान असतो. हे आम्हांस मान्य आहे. घाटावरच्या माणसाने घर सोडले नाही, त्याचे घर सुटले. पण औषध ही अशी गोष्ट आहे की ती लायकी पाहून द्यायची नसते, हे भगवंतांनीच दाखवले. महावग्गात गोष्ट आहे. एक भिक्खू हगवणीने आपल्याच घाणीत पडला होता, इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून निजवले. आणि संघाचा वैद्य जीवक कोण होता? राजगृहात जन्मताच उकिरड्यावर टाकलेले पोर. अभय राजकुमाराने उचलले, वाढवले. पुढे तो तक्षशिलेला जाऊन सात वर्षे वैद्यकी शिकला. उकिरड्यावरच्या पोराला कोणीतरी आपले म्हटले, म्हणून संघाला वैद्य मिळाला.

मधल्या काळाचे आम्ही फार लिहीत नाही. आपल्या लोकांची त्या काळात काय गत होती ती घरोघर माहीत आहे. पण एक गोष्ट नीट सांगितली जात नाही. निवारा, शाळा आणि दवाखाना ही तीन दारे आपल्याला एकदमच बंद होती आणि ती उघडण्याची मागणीही एकदमच झाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव पास करून घेतला. आपण त्याला पाणवठ्याचा ठराव म्हणून ओळखतो, कारण महाडचा १९२७ चा सत्याग्रह त्यातून पुढे झाला. पण ठरावात नुसते पाणवठे नाहीत. सरकारी पैशाने चालणाऱ्या विहिरी आणि धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे त्यात आहे. ठराव कागदावर राहिला आणि तीन वर्षांनी बोल्यांना पुन्हा उभे राहून सांगावे लागले, की जी म्युनिसिपालटी हे पाळत नाही तिची ग्रँट बंद करा. म्हणजे कायदा होणे आणि दार उघडणे यांत अंतर असते, हे तेव्हापासूनचे आहे.

ही तीन दारे एकमेकांत कशी अडकलेली असतात ते बाबासाहेबांच्या आयुष्यात दिसते. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर गेले. कोलंबियात शिकून आलेला माणूस, पण गावात उतरायला जागा नाही. पारशी सराईत राहिले, तिथून लोकांनी लाठ्या घेऊन हाकलले. मित्रांकडे विचारले, कोणी घरात घेईना. शेवटी कामाठी बागेत झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत आले. एवढे मोठे शिक्षण एका खोलीवाचून वाया जायची पाळी आली. त्याच आठवणींत त्यांनी १९२९ सालची काठेवाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. बाळंत बायकोला तपासायला डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. शेवटी आला तो वस्तीच्या बाहेर थांबला, बाळंतिणीला बाहेर आणायला लावले, थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातून पोहोचवला आणि अंगाला हात न लावता न्युमोनिया सांगून गेला. बाई वारली. नवरा शिक्षक होता, लिहिता-वाचता होता, दोन रुपये फीसुद्धा मोजली होती.

गाडगेबाबांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. स्वतः घर सोडून फिरणारा माणूस, डोक्यावर गाडगे, हातात खराटा. त्यांनी बांधले काय? देवळे नव्हेत. धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आपल्या लोकांसाठी बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नाशिकला गोदावरीकाठी त्यांची धर्मशाळा आहे. मुंबईला जे. जे. हॉस्पिटलजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. दवाखान्याजवळ झोपायला जागा नसेल तर खेड्यातला माणूस औषध अर्ध्यावर टाकून परत जातो, हे त्या निरक्षर म्हातारबाने ओळखले होते.

आणि आपले दादासाहेब. भाऊराव गायकवाड म्हटले की आपल्याला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो, २ मार्च १९३० चा. पण दादासाहेब आपल्या मुलांच्या वसतिगृहाचे कामही पाहत. गावाकडून आलेले पोर झोपणार कुठे हा प्रश्न सुटला नाही तर शाळेत नाव घालून उपयोग नाही, हे त्यांना रोजच्या अनुभवाने माहीत होते. पुढे १९५९ ला आणि १९६४-६५ ला त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लोक लाखांनी तुरुंगात गेले. आमच्या वडिलांच्या पिढीत तो किस्सा सांगताना माणसे ताठ बसत. आज घाटावर भेटणाऱ्या माणसांना विचारा, बहुतेक जण भूमिहीनांचीच मुले किंवा नातवंडे निघतात. १९७२ च्या दुष्काळात किती घरे उठली, त्यांतली सगळीच परत बसली नाहीत.

आता अलीकडचा कायदा. थोडक्यात सांगतो, कारण हा भाग कोरडा आहे. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आहे. उघड उत्पन्नाचे साधन नसताना सार्वजनिक जागी हिंडणाऱ्या माणसालाही तो भिकारी धरू शकतो आणि भिक्षेकरी गृहात वर्ष वर्ष ठेवू शकतो. दिल्ली हायकोर्टाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्यातली मुख्य कलमे दिल्लीपुरती रद्द केली. पोलीस उचलतील या भीतीने घाटावरची माणसे सरकारी इमारतीत पाऊल टाकायला घाबरतात. दवाखानाही सरकारी इमारतच. उलट बाजूने, मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८५ साली सांगितले, की पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. मात्र त्याच निकालात नोटीस देऊन झोपड्या हलवायला मोकळीकही दिली. २०१० पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशांमुळे आणि नंतरच्या केंद्राच्या योजनेमुळे दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे १०० माणसांचा एक निवारा असा नियम झाला. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४ लाख ८६ हजारांचे होते. हिशोब तुम्हीच करा आणि आपल्या बाजूला किती निवारे दिसतात ते फिरून पाहा. त्याच जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर माणसे बेघर मोजली गेली. ही मोजणी एका रात्रीत, २८ फेब्रुवारीला होते. त्या रात्री जो शेतावर, गाडीत, नाहीतर पोलिसांच्या भीतीने कुठे आडोशाला होता, तो कोणत्या रकान्यात गेला असेल?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केस पेपरचे पैसेसुद्धा लागत नाहीत. चांगलेच झाले. पैशाची अडचण गेली, पत्त्याचा रकाना आहे तिथेच आहे. मोठ्या ऑपरेशनसाठी योजना आहेत, त्यांना कागद लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर स्पष्ट लिहिले आहे, की बेघर माणसाला मानसिक आजाराचे उपचार मोफत मिळाले पाहिजेत. उपचार फुकट आहेत, पण भ्रमिष्ट माणसाला तिथपर्यंत हाताला धरून नेणार कोण? कर्जतला डॉ. भरत वाटवानींनी हेच काम उभे केले, रस्त्यावरची अशी माणसे उचलून बरी करून घरी पोहोचवली; २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. असे वाटवानी किती असणार?

शाळेची गोष्ट राहिली. ती आमच्या मनाला जास्त लागलेली आहे.

द्राक्षाची छाटणी ऑक्टोबरात आणि खुडणी जानेवारीनंतर. त्या हंगामात पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूंनी कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांत आणि नाशकातल्या बांधकामांवर येतात. मिळेल तिथे उघड्यावर राहतात. अशाच एका कुटुंबातली नऊ-दहा वर्षांची पोर आमच्या नेहमीच्या वाटेवर, पुलाखाली, धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली असे. गावी तिसरीपर्यंत शिकलेली. आम्ही तिला विचारले, "शाळेत जातेस का गं?" ती म्हणाली, "मंग याला कोन बघंल?" पण दुसऱ्या दिवशी तिने आमच्या हातातले वर्तमानपत्र घेऊन मथळा खडाखडा वाचून दाखवला. तिच्या आईशी बोलून आम्ही तिला जवळच्या एका शाळेत घेऊन गेलो. जन्माचा दाखला, आधार, राहण्याचा पुरावा, गावच्या शाळेचा दाखला, अशी यादी हातात मिळाली. तिच्यापाशी त्यातले एकही नव्हते.

आम्ही घरी येऊन कायदा वाचला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. कलम १४ सांगते, की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ४ सांगते, की शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचे आणि मागे पडलेले शिकवून भरून काढायचे. मराठी प्रत काढली, दोन्ही कलमांखाली लाल रेघ ओढली आणि परत गेलो. बाईंनी शांतपणे वाचले. म्हणाल्या, "दादा, कायदा मलाही ठाऊक आहे. पण ऑनलाइन नोंदीत रकाना मोकळा सोडला की वरून मलाच विचारतात. पत्ता काय टाकू?" आम्ही परत विहाराचा पत्ता दिला. पोर चौथीत बसू लागली. मार्च संपायच्या आत बागा आटोपल्या आणि कुटुंब गावी परतले. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक नावाचा कागद असतो, तो दाखवला की पुढच्या शाळेत बसता येते. तो मागायचा असतो हेच आम्हांस तेव्हा माहीत नव्हते. आम्ही कायद्याची कलमे पाठ केली आणि एक कागद विसरलो. ती पोर पुढच्या हंगामात दिसली नाही. ही आमची चूक आहे आणि ती इथे लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून होणार नाही.

दुसरीकडे याहून चांगले झालेले आहे. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा सुरू झाली, सिग्नलवर वस्तू विकणारी मुले तिथे शिकतात. वसई-ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालल्या, ऊसतोडीच्या तळांवर साखरशाळा चालल्या. शाळा मुलाकडे गेली की पत्त्याचा प्रश्नच उरत नाही. पण ही सगळी कामे कोणीतरी माणसांनी मागे लागून केलेली आहेत, आपोआप झालेली नाहीत.

२०२० च्या टाळेबंदीत आपण काय पाहिले? मुंबई-आग्रा रस्त्याने पाठीवर लेकरे घेऊन माणसांची रांग चाललेली. त्या वेळी शाळांच्या खोल्या निवारा म्हणून उघडल्या, जेवण दिले, डॉक्टर आले. आपल्या वस्तीतूनही भाकरी गेल्या. १ मे रोजी नाशिकहून भोपाळकडे मजुरांची गाडी सुटली. त्या काही आठवड्यांत कोणी कोणाला पत्ता विचारत नव्हते. पुढच्या वर्षी लस आली तेव्हा पुन्हा ओळखपत्र आडवे आले आणि मे २०२१ मध्ये केंद्राला वेगळी सूचना काढावी लागली, की ओळखपत्र नसलेल्यांनाही लस द्या. म्हणजे मनात आणले तर रकाना मोकळा ठेवून काम होते.

आता कमिटीतल्या आक्षेपांबद्दल. रोगाचा आक्षेप पहिला. टी.बी.च्या बहुतेक पेशंटांपासून दुसऱ्याला होणारा धोका नियमित गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खूप कमी होतो. खरा धोका आहे तो औषधावाचून फिरणाऱ्यापासून, आणि तो आपल्या शेजारीच बसमध्ये बसतो. दुसरा आक्षेप पोलिसांचा. कोणी गैरफायदा घेऊन विहाराच्या पत्त्यावर काही भानगड केली तर? ही भीती खोटी नाही. त्यासाठी आम्ही सुचवले, की पत्ता फक्त दवाखाना आणि शाळा यांसाठीच द्यायचा, 'विहाराच्या मार्फत' असेच लिहायचे, राहतो असे खोटे लिहायचे नाही, दोन सभासदांनी माणूस प्रत्यक्ष पाहिलेला असावा आणि वहीत नोंद व्हावी. तिसरा आक्षेप एका ज्येष्ठ उपासिकेने काढला आणि तो आमच्या डोक्यात कधी आला नव्हता. त्या म्हणाल्या, "पत्ता तुम्ही दिला, पण चिठ्ठी आली तर त्याला जाऊन सांगणार कोण? नुसतं लिहून काय होतंय?" बरोबर आहे. पत्ता म्हणजे आपल्याला कोणीतरी शोधत येईल अशी जागा. शोधत आलेल्याला उत्तर देणारे माणूस तिथे पाहिजे. तेव्हापासून रविवारची पाळी लावली आहे, दोघे जण घाटावर आणि पुलाखाली फेरी मारून येतात. आम्ही आता पहिल्या पाळीला असतो, त्यामुळे संध्याकाळची फेरी आमच्याकडे.

ते म्हातारबा सहा महिन्यांच्या गोळ्या पुऱ्या करून बरे झाले. रोज संध्याकाळी विहाराच्या पायरीवर येऊन पाण्याचा तांब्या मागत आणि गोळी आमच्यासमोर गिळत. वंदनेला आत या म्हटले तर म्हणत, "कपडे धुतले की येतो." एकदा आले, मागच्या भिंतीला टेकून बसले. पुढे मुलाचा पत्ता लागला म्हणून मराठवाड्यात गेले, त्यानंतर कळले नाही.

कमिटीने एक वर्षासाठी परवानगी दिली होती, ती येत्या वर्षावासाच्या सुरुवातीला पुन्हा ठरायची आहे. वही खजिनदारांकडे असते. तिच्यात आजवर अकरा नावे आहेत, सात दवाखान्याची आणि चार शाळेची. रविवारी वंदनेनंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी. रविवारच्या फेरीला अजून दोन माणसे कमी पडतात, त्यांत एखादी बाई असली तर बरे, कारण पुलाखालच्या मावश्या आम्हां पुरुषांपाशी दुखणे सांगत नाहीत.